वर्षाच्या आत वडील गेलेत, तर भक्तपूरच्या गाईजात्रेला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना जाऊन काही महिनेच झालेत. आईंना पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं आहे, आणि त्याच दिवसांत काठमांडू खोऱ्यात गाईजात्रा येते हे कळल्यापासून तुम्हाला ती पाहायची ओढ लागली आहे. घरातल्या मोठ्यांना मात्र वर्षश्राद्धाआधी जत्रा वगैरे नको वाटते. दहा वर्षांच्या मुलीला हे दाखवावं का, कुठे थांबावं, फोटो काढलेले चालतात का, हेही तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं पुण्याहून लहान लहान गट घेऊन नेपाळला जाते आणि श्रावणात शक्यतो गाईजात्रा साधूनच जाते. तुम्हाला माझं उत्तर आहे: जा. काठमांडूत न राहता जवळच्या भक्तपूर या जुन्या शहरात राहा. मिरवणुकीच्या मागे धावू नका, एका दारात थांबा, आणि हातात लोकांना देण्यासारखं काहीतरी ठेवा. बाकीचं सगळं या शेवटच्या गोष्टीभोवतीच सांगणार आहे, कारण माझ्या मते ही जत्रा बघण्याची योग्य रीत तीच.

आधी तिथी. नेपाळमध्ये हा दिवस भाद्र कृष्ण प्रतिपदा म्हणून लिहिलेला दिसेल आणि आपला माणूस गोंधळून पितृपक्षाच्या सुमाराची तिकिटं काढेल. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून आपल्या कालनिर्णयात हीच तिथी श्रावण वद्य प्रतिपदा असते, म्हणजे राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. २०२४ मध्ये ती २० ऑगस्टला होती, २०२५ मध्ये १० ऑगस्टला. तिथीची वेळ अडनिडी असली तर नेपाळच्या पंचांगात एखादा दिवस पुढेमागे होतो, तेव्हा तिकीट काढण्याआधी तिथली सुट्टी कोणत्या तारखेला जाहीर झाली आहे ते पाहा.

आता जत्रा काय आहे ते. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाचा हा दिवस. त्यांच्या भाषेत त्याला सापारु म्हणतात. ज्या घरात गेल्या जत्रेपासून या जत्रेपर्यंत कोणी गेलं असेल, त्या प्रत्येक घराने या दिवशी रस्त्यावर यायचं. श्रद्धा अशी की आज यमाच्या दाराची वाट मोकळी असते आणि गाय मृताला वैतरणी पार करून देते. आपल्याकडे उत्तरक्रियेत गोप्रदान करतात त्यामागेही हीच वैतरणी आहे, त्यामुळे आईंना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. काठमांडूत गाईऐवजी बहुतेक घरं लहान मुलाला गाय बनवतात. डोक्यावर गाईच्या चित्राचा कागदी मुकुट, कपाळाला टिळा, ओठांवर रंगवलेल्या मिशा, मागे जमिनीपर्यंत लोळणारं कापड. सोबत दुसरं मूल जोग्याच्या वेशात. मागे घरची माणसं. जुन्या शहराच्या ठरलेल्या वाटेने ती हनुमानढोका या जुन्या राजवाड्यावरून फिरून घरी जातात, आणि वाटेवरचे लोक त्या मुलांना फळं, दूध, खाऊ, नाणी देतात.

भक्तपूरला मुलांचा गाईवेश गौण असतो. तिथे ताहामचा निघतो. बांबूची उंच चौकट, तिला कापड गुंडाळलेलं, वर गवताची शिंगं, पुढे कागदावर रंगवलेलं गाईचं तोंड, टोकाला छत्री, आणि मधोमध गेलेल्या माणसाचा फोटो. बाई गेली असेल तर चौकटीला तिची साडी नेसवलेली असते. पुष्कळदा ती काळी, लाल काठाची, हाकु पटासी. नेवार बायकांचं हे जुनं वस्त्र आहे. चौकट खांद्यावर घेणारे पुरुष बहुधा त्याच टोलातले, म्हणजे त्याच वस्तीतले असतात. पुढे धिमे नावाचा मोठा ढोल आणि झांजा. त्यांच्याही पुढे दोन रांगांत समोरासमोर नाचणारी माणसं, हातात काठ्या, तालावर एकमेकांच्या काठीवर काठी मारत पुढे सरकणारी. या नाचाला ढोलाच्या बोलावरूनच घिंताङघिसी म्हणतात. आजोबा, शाळकरी पोरं, आता मुली आणि बायकाही, सगळे त्या रांगेत असतात. एका घराचा ताहामचा गेला की पाठोपाठ दुसऱ्याचा. दुपारपासून अंधार पडेपर्यंत शहराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर हेच चालू असतं. लाकोलाछें टोलातून भैरवाच्या नावाचा मोठा ताहामचा येतो तो सगळ्यांच्या शेवटी, आणि तो गेला की त्या दिवसाची मिरवणूक संपली असं समजायचं.

नाचणारी माणसं हसत असतात, घाम पुसत असतात, तोंडाला रंग फासलेला असतो, कोणी सोंग आणलेलं असतं. आणि त्यांच्या चार पावलं मागे फोटो चालत येतो, फोटोमागे पांढऱ्या कपड्यातला मुलगा. नेपाळमध्ये आईवडील गेले की मुलगे वर्षभर पांढरे कपडे घालतात, त्याला बर्खी बारणं म्हणतात. त्यामुळे गर्दीतही कोणाचं दुःख ताजं आहे ते दिसतं. आपल्या माणसाला पहिल्यांदा हे बघताना धक्का बसतो. आपल्याकडे मयताच्या घरी आवाज उतरतो, पितृपक्षात तर आपण नवी वस्तूसुद्धा घरात आणत नाही. इथे त्याच रस्त्यावर हसणं आणि रडणं एकत्र चाललेलं असतं, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटत नाही.

याबद्दल तिथे सगळे एक गोष्ट सांगतात. काठमांडूचा राजा प्रताप मल्ल, राज्यकाळ १६४१ ते १६७४. त्याचा मुलगा चक्रवर्तेंद्र गेला आणि राणी काही केल्या सावरेना. तेव्हा राजाने दवंडी पिटवली की ज्यांच्या घरी यंदा माणूस गेलंय त्यांनी आपली मिरवणूक राजवाड्यावरून न्यावी, म्हणजे राणीला दिसेल की मरण फक्त तिच्या दारात आलेलं नाही. आणि जो तिला हसवील त्याला बक्षीस. लोक आले, सोंगं आणली, श्रीमंतांची आणि अधिकाऱ्यांची नक्कल केली, आणि राणी हसली. गाईची प्रथा याहून जुनी असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. विनोदाची परवानगी मात्र सगळेच प्रताप मल्लाच्या नावावर टाकतात. ती परवानगी पुढे फार कामाला आली. १९६० ते १९९० या राजाच्या पंचायत राजवटीत पक्षांवर बंदी होती, राजाविरुद्ध बोलायची सोय नव्हती, तेव्हा गाईजात्रेच्या निमित्ताने होणारे विनोदी प्रयोग आणि वर्तमानपत्रांचे व्यंग्य अंक ही लोकांची बोलायची जागा होती. मदनकृष्ण श्रेष्ठ आणि हरिवंश आचार्य ही नेपाळची लाडकी विनोदी जोडी याच प्रयोगांतून घराघरांत पोचली. आजही त्या दिवशी सरकारच्या सोंगांची कमी नसते. नागपूरकरांना हे ओळखीचं वाटेल, कारण तान्ह्या पोळ्याला मारबतीबरोबर निघणारे बडगे हेच काम करतात. शिवाय काठमांडूत ब्लू डायमंड सोसायटी ही समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांची संघटना याच दिवशी आपली मिरवणूक काढते. त्यांच्यातल्या गेलेल्यांची आठवणही तिच्यात असते.

आता तुमचा खरा प्रश्न, वर्षाच्या आत जाण्याचा.

मी भटजी नाही. तुमच्या घरची रीत तुमच्या गुरुजींना विचारा, आणि मोठ्यांचं मन मोडून जाऊ नका. पण एक लक्षात घ्या: ही जत्रा वर्षाच्या आतल्यांचीच आहे. ज्यांचं वर्ष सरलं त्यांना इथे ताहामचा काढायचा नसतो. मोठ्यांना ‘जत्रा’ या शब्दावरून पाळणे, मिठाई, हौसमौज डोळ्यांपुढे येत असेल. त्यांना सांगा की ज्या घरांत यंदा माणूस गेलंय अशी घरं त्या दिवशी एकत्र चालतात आणि त्यांना खाऊ घालायला सगळं गाव दारात उभं असतं. माझ्या अनुभवात एवढं ऐकल्यावर निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा खरोखर धर्मशास्त्राचा असेल तर त्याचा मान राखावा. त्यासाठी शेवटी दुसरा मार्ग सांगते.

‘देण्यासारखं काहीतरी हातात ठेवा’ असं मी का म्हटलं ते आता सांगते. आपल्याकडे ज्या घरात माणूस गेलं त्या घरात पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत. शेजारी, नातेवाईक डबे आणून देतात. तुमच्याकडे यंदा असे डबे येतील आणि ते घेताना आई कितीदा तरी रडतील. शोकातल्या माणसाकडे वर्षभर नुसतं येतच राहतं: सांत्वन, डबे, सल्ले. त्याला स्वतः कोणाला काही द्यायला मिळत नाही. भक्तपूरच्या दारात आईंनी एखाद्या पांढऱ्या कपड्यातल्या मुलाच्या हातात दोन केळी ठेवली, तर तिथे त्या पाहुण्या नसतात, त्याही त्या गावाइतक्याच देणाऱ्या असतात. मी ज्यांना ज्यांना वर्षाच्या आत घेऊन गेले, त्यांच्यापैकी जे नुसते बघत होते ते दमून परतले. ज्यांनी दिलं ते संध्याकाळी बोलके झाले. म्हणून आता मी गटाला आधीच सांगते की दोघा-तिघांत मिळून एक टोपली घ्यायची.

टोपलीत केळी, सफरचंदं, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या आणि सरबताच्या लहान बाटल्या. नाचणाऱ्यांना उन्हात पाणीच सगळ्यात जास्त हवं असतं. मुलांसाठी वह्या-पेन्सिली चांगल्या. पैसे द्यायचे तर नेपाळी लहान नोटा, आणि ज्या घरच्या दारात उभ्या आहात त्या घरच्या बाईंना विचारून. शेजारी काय देतात ते आधी पाहा आणि तेवढंच द्या. उजव्या हाताने, डावा हात उजव्या कोपराला लावून द्यायचं. तिथे मान देऊन देण्याची ही पद्धत आहे. देताना फोटो काढून घ्यायचा नाही. हे एवढं मात्र मी कडकपणे पाळायला लावते.

आईंनी वडिलांचा ताहामचा काढायचं मनात आणलं तर? असं विचारणारे भेटतात, म्हणून सांगते. नको. तो त्या टोलाचा, त्या घराचा, त्यांच्या गुरुजूंचा विधी आहे, पैसे देऊन करून घेण्याची गोष्ट नाही. वडिलांसाठी काही करायचंच असेल तर दोन दिवसांनी काठमांडूला लागून असलेल्या पाटण शहरात मतया असते, त्या दिवशी करता येतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाटणच्या गल्ल्यांतून, बहालांच्या म्हणजे बौद्ध विहारांच्या अंगणांतून माणसांची एकेरी रांग चालत असते, आणि शहरातल्या हजाराहून अधिक चैत्यांपाशी, मूर्तींपाशी एकेक ज्योत, तांदूळ, फूल, नाणं ठेवत पुढे जाते. यातही यंदा माणूस गेलेली घरं पुढे असतात. व्यवस्था दहा टोलांकडे आळीपाळीने येते. वादकांमध्ये म्हशीचं शिंग फुंकणारे असतात. तो आवाज आला की रांग जवळ आली हे कळतं. रांगेत तुम्ही घुसू नका, दिवसभर अनवाणी चालणं आईंना झेपणारही नाही. पण पाटणच्याच हिरण्यवर्ण महाविहारात जाऊन वडिलांच्या नावाने एक दिवा लावायला कोणी अडवत नाही. आतल्या अंगणात चामड्याचं काही नेता येत नाही, पट्टा आणि पाकीटसुद्धा, ते आधी लक्षात ठेवा. भक्तपूरच्या गजबजाटापेक्षा मतया फार शांत आहे. मला विचाराल तर दोन्ही बघावं, पण एकच जमणार असेल आणि आई फार खचलेल्या असतील तर मतया.

मुलीबद्दल. न्या तिला. भक्तपूरच्या रांगांमध्ये तिच्या वयाची पन्नास मुलं नाचताना दिसतील, आणि आजोबा गेल्यावर घरात जे कोणी तिच्याशी बोललं नसेल ते ती तिथे स्वतःच विचारेल. एका गोष्टीची तयारी मात्र आधी करा. ताहामच्यावरच्या फोटोंत सगळे म्हातारे नसतात. कधी तरुण मुलगा असतो, कधी शाळेच्या गणवेशातली मुलगी. हे तिथे अचानक दिसण्यापेक्षा घरून निघण्याआधी तिला सांगितलेलं बरं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये जवळपास नऊ हजार माणसं गेली, भक्तपूरची जुनी वस्ती तर ढासळली. त्यानंतर चार महिन्यांनी, ३० ऑगस्टला गाईजात्रा आली. लोक अजून पत्र्याच्या निवाऱ्यात होते, वाटेवर पडक्या भिंतींना लाकडांचे टेकू होते, आणि त्या वाटेवरून एकाच घरातल्या दोन-दोन, तीन-तीन माणसांचे ताहामचे निघाले. तरी ढोल वाजला आणि काठ्याही वाजल्या. त्या वर्षी तिथे होते त्यांच्याशी आजही बोललं की ते हेच सांगतात की जत्रा काढायची की नाही असा प्रश्न कोणाला पडलाच नाही. उलट त्या वर्षी ती सगळ्यात जास्त हवी होती. मुलीला ही गोष्ट सांगा. तिला कळेल इतकी ती मोठी आहे.

तिला हसू आलं तर हसू द्या. आईंनी दटावू नये.

फोटोंचं सांगते. गल्लीचा, गर्दीचा, नाचाचा फोटो काढा, कोणी काही म्हणणार नाही. ताहामच्यावरच्या तसबिरीचा जवळून फोटो घेऊ नका, पांढऱ्या कपड्यातल्या माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका, गाय झालेल्या मुलाला थांबवून शेजारी उभं राहून सेल्फी काढू नका. दोन रांगांच्या मधून रस्ता ओलांडू नका. काठी चुकून लागतेच आणि ताल तुटतो. हल्ली मोठे कॅमेरे घेतलेले लोक रांगेच्या आत उलट्या पावलांनी चालत असतात. त्यांना बघून तुम्हालाही वाटेल की चालत असेल. चालतं, कारण नेवार माणूस पाहुण्याला त्या दिवशी बोलत नाही. पण त्याला ते आवडतं असं नाही.

कुठे थांबायचं? पर्यटक बहुतेक टौमढी चौकात, न्यातपोल देवळाच्या पायऱ्यांवर चढून बसतात. भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये बांधलेलं ते पाच मजली देऊळ सुरेख आहे, वरून सगळं दिसतं. पण वरून फक्त छत्र्यांची टोकं आणि डोकी दिसतात, फोटोतलं माणूस दिसत नाही. शिवाय त्या पायऱ्या उंच आहेत, आईंच्या गुडघ्यांना नकोत. टौमढीपासून दत्तात्रय चौकाकडे, म्हणजे ताचपालकडे, जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या घराच्या किंवा दुकानाच्या ओट्यावर बसा. तिथे मिरवणूक हाताच्या अंतरावरून जाते आणि दमली की आपोआप थांबते. यासाठीच भक्तपूरच्या जुन्या शहरात आदल्या रात्री मुक्कामाला हवं. गाड्या त्या दिवशी आत येत नाहीत, आणि काठमांडू जेमतेम तेरा किलोमीटर असलं तरी सकाळी तिथून निघून पोचताना जीव मेटाकुटीला येतो. एखाद्या नेवार कुटुंबाचं गेस्टहाउस निवडा आणि खोली घेतानाच मालकांना कळवा की तुमच्या घरी वर्षाच्या आत माणूस गेलंय. हे लपवायची तिथे गरज नाही. उलट त्यांच्या नात्यात, शेजारात कोणाचा ताहामचा असेल तर सकाळी तो बांधताना बघायला तुम्हाला बोलावतील. दुपारच्या ढोलाइतकीच मला ती सकाळ महत्त्वाची वाटते: अंगणात बांबू बांधले जातायत, कोणी फोटोची काच पुसतंय, बायका साडीच्या निऱ्या नीट करतायत. बोलावलं तर फळं घेऊन जा, थोडा वेळ बसा, निघा.

एकाच दिवसात सकाळी काठमांडू आणि दुपारी भक्तपूर असा कार्यक्रम आखून देणारे खूप आहेत. तो घेऊ नका. वाहनातच दिवस जातो.

संध्याकाळकडे तरुण पोरांच्या टोळ्यांत ऐला चढलेली असते. ही तांदळाची घरगुती दारू जत्रेचाच भाग आहे. त्रास देत नाहीत, पण धक्काबुक्की वाढते. मुलीला आणि आईंना घेऊन पाचच्या सुमारास खोलीवर परत या आणि भैरवाचा ताहामचा खिडकीतून बघा. पुढे कृष्णाष्टमीपर्यंत भक्तपूरला रोज कुठल्या ना कुठल्या टोलात नाच, सोंगं, ख्याल म्हणजे विनोदी नाटुकली चालू असतात, त्यामुळे काही चुकलं असं मानू नका.

खाण्याचं: आदल्या दिवशी, पौर्णिमेला, घरोघरी क्वाँटी करतात, नऊ प्रकारच्या मोड आलेल्या कडधान्यांचं रस्सेदार कालवण. आईंना ते आपल्या मिसळीच्या उसळीपेक्षा सौम्य आणि छान लागेल. भक्तपूरचं मातीच्या वाडग्यातलं जुजु धौ, म्हणजे दाट गोडसर दही, बिनधास्त खा. समयबजीचं ताट मागवताना मात्र विचारा. पोहे, सोयाबीन, आलं यांच्याबरोबर त्यात म्हशीचं मांस सहसा असतंच.

पशुपतिनाथाचं दर्शन जत्रेनंतर ठेवा. पौर्णिमेला तिथे जानवं बदलणाऱ्यांची आणि बोलबमवाल्यांची, म्हणजे कावडीवाल्यांची, रीघ असते. आर्यघाटावर चिता जळत असतात. आईंना त्या बाजूने न्यायचं की नाही हे त्यांनाच विचारा, परस्पर ठरवू नका.

प्रवासाबद्दल एक गोष्ट मी कोणालाही सोडून देत नाही. विमानानेच जा, मुंबईहून किंवा दिल्लीहून. भर पावसाळा असतो. गोरखपूरमार्गे किंवा रक्सौलमार्गे बसने जाणं स्वस्त पडतं, आपल्या भागातून अशा यात्रा पुष्कळ निघतात, पण नारायणगढ ते काठमांडू हा रस्ता नदीच्या कड्याने जातो आणि दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये सिमलतालजवळ दरडीने दोन बसगाड्या त्रिशूलीत ढकलल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला, गाईजात्रेनंतर तिसऱ्या दिवशी, पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. तिच्यातले बहुतेक यात्रेकरू आपल्या जळगाव जिल्ह्यातले होते, दोन डझनांहून जास्त माणसं गेली. ती बातमी आली तेव्हा माझा गट पाटणला होता. त्या दिवसापासून पावसाळ्यात नेपाळच्या डोंगरातून बसप्रवास मी कोणाला सुचवत नाही, कितीही स्वस्त असला तरी.

विमानाने जायला व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागतं आणि इथेच लोक विमानतळावरून परततात. पंधरा ते पासष्ट वयाच्या भारतीयांना आधार कार्डावर नेपाळचं विमान मिळत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच हवं. आईंचं मतदार कार्ड आणि तिकीट यांवरचं नाव सारखं आहे का ते बघा, माहेरच्या-सासरच्या नावाचा घोळ पुष्कळांचा असतो. भारतीय शंभराच्या नोटा चालतात, शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा दर ठरलेला आहे. मोठ्या दुकानांत यूपीआयने पैसे देता येतात, गल्लीतल्या फळवालीकडे चालेलच असं नाही. भक्तपूरला प्रवेशाचा पास लागतो, सार्क देशांच्या नागरिकांना दर बराच कमी असतो, तो मुक्कामभर जपून ठेवा. रेनकोट न्या, त्या अरुंद गल्लीत छत्री उघडली की मागच्याचा डोळा धोक्यात. विटांचे रस्ते ओले झाले की घसरतात, आईंना रबरी तळव्याचे बूट द्या.

आणि मोठ्यांचं म्हणणं वर्षाच्या आत नकोच असं ठाम असेल, तर यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी श्रावण अमावास्येला जा, आपल्याकडे पोळा असतो त्या दिवशी. नेपाळमध्ये ती कुशे औंसी, बाबांचा दिवस. ज्यांचे वडील हयात आहेत ते त्यांना गोड नेऊन देतात. ज्यांचे नाहीत ते काठमांडूच्या ईशान्येला बागमतीच्या काठी गोकर्णेश्वर महादेवापाशी जाऊन स्नान करतात, पिंड देतात. तिथे तुम्ही बघे नसाल, बाकीच्यांसारखे वडिलांसाठी आलेले असाल, आणि श्राद्ध सांगायला घाटावर गुरुजी मिळतात. वर्षश्राद्ध झालेलं असेल, त्यामुळे मोठ्यांची हरकत उरणार नाही. कदाचित तेही सोबत येतील. त्यांच्यासाठी तिकिटं काढायची झाली तर पासष्टच्या पुढच्यांना आधार कार्ड चालतं.